सिंकोनाची साल आणि आपाची गोळी

मामू रिकाम्या हाताने कधी येत नाहीत. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढलं आणि आपासमोर ठेवलं. भुरकट रंगाची पूड. वर हिरवा कागद, त्यावर पानांचं चित्र आणि तीन ओळी: थकवा, कमजोरी, सांधेदुखी. खाली ठळक अक्षरांत 'शंभर टक्के हर्बल, कोणताही साइड इफेक्ट नाही'. आत काय आहे ते शोधायला मी कागद उलटा केला. चार वनस्पतींची नावं होती आणि पुढे 'वगैरे'.

"इत्ती थकान कायकू रहती तुझे?" मामू तिला म्हणाले. "ये खा. झाडपाला है, नुकसान कुछ नै."

आपा माझी मोठी बहीण. २०१७ मध्ये तिला ल्युपस असल्याचं निदान झालं. तेव्हापासून ती रोज एक पांढरी गोळी घेते, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "दोन दोन औषधं एकदम नकोत. ही केमिकलची गोळी थोडे दिवस बंद करते, मामूंचं जडीबुटीचं घेऊन बघते." मी मान हलवली. मी शिक्षिका आहे, दिवसभर मुलांना प्रश्न विचारते. तिला एकही विचारला नाही. त्याचं काय झालं ते पुढे येईल. त्यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं, आणि त्यात एक गोष्ट अशी सापडली जी त्या संध्याकाळी माहीत असायला हवी होती. आपा ज्या गोळीला 'केमिकल' म्हणत होती, तिची वंशावळ एका झाडाच्या सालीपर्यंत जाते.

पण आधी थकव्याबद्दल. मराठीत आपण म्हणतो, शीण आला आणि शीण उतरला. कामाने येतो, झोपेने उतरतो. आपाचा शीण उतरत नाही. ती सकाळी आठ तास झोपून उठते तेव्हाच दमलेली असते. केस विंचरायला हात वर धरवत नाहीत. ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. सांधे, कातडी, मूत्रपिंड, रक्त यांना त्याचा फटका बसतो, आणि बहुतेक रुग्ण ज्या तक्रारीने सर्वांत जास्त बेजार असतात ती हीच. दहातले नऊ रुग्ण बायका. बाईने घरात 'थकले' म्हटलं की काय ऐकायला मिळतं, हे वाचणाऱ्या बायकांना सांगायला नको. आपाला सासरी दोन वर्षं 'कामचोर' हा शब्द ऐकावा लागला. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा तिला रोगाचं दुःख झालं त्यापेक्षा जास्त सुटका वाटली, असं तिनेच मला सांगितलं.

जुन्या वैद्यांनी मात्र थकव्याला तक्रार म्हणून गंभीरपणे घेतलं होतं. इब्न सीना (९८०–१०३७) यांच्या 'अल-कानून फित्तिब' या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात थकव्याचे प्रकार वेगवेगळे करून मांडले आहेत. एक अंग जखमी झाल्यासारखा, एक ताणल्यासारखा, एक सुजल्यासारखा. अरबीत त्याला 'इअया' म्हणतात. श्रम न करता आपोआप येणारा थकवा ही रोगाची चाहूल असते, असंही ते सांगतात. ही गोष्ट त्यांच्याही आधी ग्रीक वैद्यांनी नोंदवली होती. आपाला मी हे वाचून दाखवलं तेव्हा ती 'सुजल्यासारखा' या शब्दावर थांबली. "हाच," म्हणाली. हजार वर्षांपूर्वी बुखाऱ्याकडच्या एका माणसाने तिची तक्रार लिहून ठेवली होती आणि आमच्या घरात तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

इब्न सीनांना ल्युपस माहीत होता, असं मी म्हणत नाही. आपल्याकडे तशी घाई फार होते; कुठलाही नवा शोध निघाला की तो आमच्या पूर्वजांनी आधीच लावला होता म्हणायचं. ल्युपस हा लॅटिन शब्द, अर्थ लांडगा. मध्ययुगीन युरोपात चेहऱ्यावरच्या कुरतडल्यासारख्या जखमांना हे नाव दिलं जाई. त्यात कातडीचा क्षयही आला आणि आणखी बरंच काही. १८५१ मध्ये पॅरिसच्या कझनाव्ह यांनी आजचं 'ल्युपस एरिथेमेटोसस' हे नाव दिलं. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या कपोसी यांनी दाखवलं की हा रोग कातडीपुरता थांबत नाही. ताप येतो, सांधे धरतात, माणूस वाळत जातो. १९४८ मध्ये अमेरिकेत हारग्रेव्ह्ज यांना या रुग्णांमध्ये एक विशिष्ट पेशी सापडली आणि निदानाला काहीतरी हातात धरण्यासारखं मिळालं.

आता ती साल.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात सिंकोना नावाचं झाड होतं. त्याची कडू साल हिवतापावर चालते, हे सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांमार्फत युरोपात पोचलं. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी या सालीने बरी झाली आणि तिच्यावरून झाडाला नाव पडलं, ही गोष्ट अजून पाठ्यपुस्तकांत असते. १९४१ मध्ये अभ्यासकांनी कागदपत्रं तपासली तेव्हा ती बाई त्या तापाने आजारी पडल्याचंच दिसलं नाही. पण मला या सगळ्यात सर्वांत लक्षात राहिला तो रॉबर्ट टॅल्बर.

हा इंग्लंडमधला एक औषधविक्या. 'जेझुइटांच्या पुडीपासून सावध राहा' असं लोकांना सांगायचा आणि स्वतःचं एक गुप्त औषध विकायचा. त्या औषधाने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स बरा झाला, टॅल्बरला 'सर' ही पदवी मिळाली. मग फ्रान्सच्या राजपुत्राचा ताप उतरला. चौदाव्या लुईने भरभक्कम रक्कम देऊन ते गुपित विकत घेतलं. अट अशी की टॅल्बर जिवंत असेपर्यंत ते उघड करायचं नाही. १६८१ मध्ये तो वारला, पुढच्या वर्षी कृती छापली गेली. त्यात काय निघालं? दारूत भिजवलेली सिंकोनाची साल. ज्या पुडीला तो नावं ठेवत होता तीच.

औषध खरं होतं हे मान्य. पण किती घालायचं, कोणाला द्यायचं, कोणती साल अस्सल आणि कोणती नकली, हे फक्त एका माणसाच्या डोक्यात होतं. तो उद्या चुकला असता तर कोणाला कळलंही नसतं. मामूंच्या पुडक्यावरचा तो 'वगैरे' मला टॅल्बरचा वारस वाटतो.

हे बदललं १८२० मध्ये. पेलेतिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी सालीतून क्विनाइन वेगळं काढलं. आता तराजूत तोलता येईल अशी वस्तू हाती आली. इंग्रजांनी सिंकोनाची रोपं हिंदुस्थानात आणली. निलगिरी आणि दार्जिलिंगकडे ती रुजली. आपल्या महाबळेश्वरला लिंगमळ्याजवळही १८६० च्या दशकात लागवड करून पाहिली, पण ती साधली नाही. आज तिथे धबधबा बघायला जाणाऱ्यांना हे माहीत नसतं. डचांनी मात्र जावा बेटावर असा जम बसवला की जगातलं बहुतेक क्विनाइन तिथूनच येऊ लागलं.

१८९४ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले डॉ. जोसेफ पेन यांनी एका व्याख्यानात सांगितलं की ल्युपसच्या रुग्णांना क्विनाइन दिल्यावर त्यांना फरक दिसला. पेन हे वैद्यकाच्या इतिहासाचेही अभ्यासक होते, म्हणून मला ते अधिकच जवळचे वाटतात. त्यांच्या बोलण्याकडे तेव्हा फारसं कोणी वळून पाहिलं नाही.

पुढचं वळण युद्धाने आणलं. १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं आणि दोस्त राष्ट्रांचं क्विनाइन तुटलं. हिवतापाच्या मुलखात लढणाऱ्या लाखो सैनिकांना मग मेपाक्रिन नावाची कृत्रिम पिवळी गोळी दिली गेली. कातडी पिवळी पडायची, पण काही सैनिकांचे जुने चट्टे आणि सांधेदुखी कमी झाल्याचं लक्षात आलं. १९५१ मध्ये फ्रान्सिस पेज यांनी ल्युपसच्या १८ रुग्णांवर मेपाक्रिनचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापला. त्याच घराण्यातलं क्लोरोक्विन जर्मनीत १९३४ मध्येच तयार झालं होतं. त्याला थोडं सौम्य करून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आलं आणि १९५५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आपाच्या गोळीत आज सालीचा कणही नाही, ती कारखान्यात बनते. पण झाडाने दाखवलेल्या वाटेवरूनच ती आली आहे. आणि वाटेत प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी मोजलं आणि लिहून ठेवलं. म्हणून तर आज आपाचे डोळे दरवर्षी तपासतात: ही गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा करते, हे लिहिलेलं आहे. 'साइड इफेक्ट नाही' म्हणणाऱ्या पुडक्यापेक्षा साइड इफेक्ट सांगणाऱ्या कागदावर माझा जास्त भरवसा बसतो.

गोळी बंद केली तर काय होतं, हेही कोणीतरी पाहून ठेवलं होतं. १९९१ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी रोग आटोक्यात असलेले ४७ रुग्ण घेतले. २५ जणांची गोळी चालू ठेवली, २२ जणांना न कळता तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. सहा महिन्यांत पोकळ गोळीवाल्यांमध्ये रोग उसळण्याचा धोका अडीच पट निघाला.

आपाने गोळी बंद केली. पहिले तीन आठवडे ती खूश होती. भूक लागायला लागली, चेहरा भरला, सांधे मोकळे झाले. मामूंचा फोन रोज यायचा. मग पुडकं संपलं, दुसरं मिळायला वेळ लागला, आणि ती अंथरुणाला खिळली. ताप, पायांवर सूज, लघवीला फेस. मूत्रपिंडावर परिणाम झाला होता. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पुडी उरली आहे का?" त्यांना त्यात स्टेरॉइड मिसळल्याची शंका होती, तीन आठवड्यांतला तो फुललेला चेहरा त्यांना ओळखीचा वाटला. पुडी उरली नव्हती, त्यामुळे शंका शंकाच राहिली. अम्मीने तो हिरवा कागद चूल पेटवायला वापरला होता.

मामूंना मी दोष देत नाही. ते प्रेमाने आले होते. रोगाचं नाव माहीत असलेले आम्ही तिच्या थकव्याबद्दल काही करत नव्हतो. निदान त्यांनी तो मनावर तरी घेतला.

आपाला घरी आणल्यावर मी एकेक वनस्पती शोधत बसले. थकव्यावर म्हणून ल्युपसच्या रुग्णांना जे जे सुचवलं जातं त्याचा इतिहास सरळ नाही.

लसूणघास घ्या. आपल्याकडे जनावरांना घालतात ती. परदेशात तिच्या बिया, मोड आणि गोळ्या शक्तिवर्धक म्हणून विकल्या जातात, 'अल्फाल्फा' या नावाने. हे नाव अरबी 'अल-फस्फसा'वरून स्पॅनिशमध्ये गेलं, आणि अरबीत ते आलं फारसीतून, मूळ अर्थ घोड्यांचा चारा. १९८१ मध्ये कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या प्रयोगात या बिया भरपूर खाणाऱ्या एका निरोगी माणसाच्या रक्तपेशी घटल्या, प्लीहा वाढली. पुढच्या वर्षी माकडांना तिचे मोड खाऊ घातले तेव्हा काहींना ल्युपससारखाच आजार झाला. त्यामागे 'एल-कॅनाव्हनिन' नावाचा घटक असावा, असं संशोधकांनी मांडलं. ल्युपसच्या रुग्णांना अल्फाल्फा टाळायला सांगतात ते यामुळे.

रोगप्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या म्हणून ज्या वस्तू खपतात, त्यांची अडचण वेगळीच आहे. आपाची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती बेलगाम आहे. तिला आणखी टाच मारायची कशाला? २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एकिनेशिया, स्पिरुलिना यांसारखे पदार्थ घेतल्यावर असे स्वप्रतिकारक रोग उसळलेल्या रुग्णांची नोंद केली. आपल्या जवळचं उदाहरण गुळवेलीचं. कोरोनाच्या पहिल्या वर्षी घरोघरी तिचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. इजेचा प्रकार स्वप्रतिकारक रोगासारखा होता. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, वाद झाला. सहा रुग्ण म्हणजे फार नव्हेत. पण ज्याला आधीच असा रोग आहे त्याने एवढं ऐकून थांबणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. अश्वगंधा, म्हणजे युनानीतलं असगंध, तिच्याबाबतही डॉक्टर याच कारणाने सबुरी सांगतात.

दुसरी बाजूही आहे आणि ती लपवायची नाही. इराणमध्ये ल्युपसच्या रुग्णांवर दोन चाचण्या झाल्या. शिराजमध्ये २४ रुग्णांपैकी काहींना तीन महिने हळदीच्या कॅप्सूल दिल्या. लघवीतलं प्रथिन कमी झालं. हा निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आला. मात्र तिथे मूत्रपिंड तपासलं होतं, थकवा नव्हे. २०१७ मध्ये ग्रीन टीच्या अर्कावर ६८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनंतर रोगाची तीव्रता उतरली आणि रुग्णांना अधिक उत्साही वाटलं. लहान चाचण्या आहेत. त्यांच्या जोरावर गोळी सोडता येत नाही. पण इथे मात्रा ठरलेली आहे, तुलनेला दुसरा गट आहे, रुग्णांवर डॉक्टरांचं लक्ष आहे.

आमच्या घरात कोणी आजारी पडलं की कलौंजीचा विषय निघतोच. मृत्यू सोडून प्रत्येक आजारावर तिच्यात शिफा असल्याची हदीस सर्वांना पाठ असते. ती मी नाकारत नाही. पण काही जुन्या भाष्यकारांनीच लिहून ठेवलं आहे की 'प्रत्येक' हा शब्द इथे सरसकट घ्यायचा नाही, ठरावीक प्रकृतीच्या आजारांसाठी घ्यायचा. ते भाष्य पाठ असणारे कमी.

आणि याच परंपरेत मोजण्याची शिस्तही होती, हे आपण विसरलो. 'कानून'च्या दुसऱ्या खंडात इब्न सीना औषध पारखण्याचे सात नियम देतात. औषध बाहेरच्या मिश्रणापासून शुद्ध असावं. एकाच साध्या रोगावर वापरून पाहावं, गुंतागुंतीच्या नव्हे. परिणाम किती वेळाने दिसतो ते बघावं. तोच परिणाम पुन्हा पुन्हा येतो का ते बघावं, नाहीतर तो योगायोग समजावा. आणि परीक्षा माणसाच्या शरीरावर व्हावी, कारण सिंह किंवा घोड्यावर जे दिसलं ते माणसाला लागू पडेलच असं नाही. घोड्यांच्या चाऱ्याची ती गोष्ट वाचल्यावर हा नियम मी पुन्हा काढून वाचला.

भेसळीचंही तसंच. बाराव्या शतकात अश-शैजरी यांनी मुहतसिबासाठी, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, एक मार्गदर्शक लिहिला. अत्तार आणि सरबतवाले औषधांत काय काय मिसळतात, ते कसं ओळखायचं, यावर त्यात प्रकरणं आहेत.

आपल्या काळातलं उदाहरण दिल्लीचं. हकीम अजमल खान हे युनानीच्या नामांकित घराण्यातले आणि काँग्रेसचे अध्यक्ष राहिलेले, पण जुन्या नुस्ख्यांची आधुनिक तपासणी व्हावी असं त्यांना वाटायचं. त्यांच्या तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन १९२१ मध्ये गांधीजींनी केलं. तिथल्या संशोधन विभागात जर्मनीतून शिकून आलेले सलीमुज्जमां सिद्दिकी रुजू झाले. १९३१ मध्ये त्यांनी सर्पगंधेतून, युनानीत जिला असरोल म्हणतात, एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' म्हटलं. हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात ते आजही वापरलं जातं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा सर्पगंधेचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. पुढे तिच्यातल्याच रेसर्पिनने काही रुग्ण उदास होतात, हेही नोंदलं गेलं. युनानी हकीम, मुस्लिम रसायनज्ञ, पारशी डॉक्टर आणि एक मुळी. जडीबुटीचा अभिमान धरायचा तर मला हा धरावासा वाटतो.

आपल्या देशात आयुर्वेदिक आणि युनानी औषधं १९६४ पासून औषध कायद्याखाली आहेत. तरी पाकिटावर 'फूड सप्लिमेंट' लिहिलं की वाट वेगळी होते, आणि काही न लिहिता हातोहात विकलं तर वाटच नसते. बाहेरही फार वेगळं नाही. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. ज्याच्या मूत्रपिंडावर आधीच घाला आहे त्याला शिसं आणि पारा काय करतील, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आपा आता बरी आहे, म्हणजे ल्युपसवाल्या माणसाला जेवढं बरं म्हणतात तेवढी. २०२० मध्ये हीच गोळी कोरोनावर चालते अशी हवा झाली आणि दुकानांतून गायब झाली, तेव्हा मी तिच्यासाठी पाच दुकानं फिरले होते. मामूही फिरले. एक पाकीट त्यांनीच आणलं.

थकव्याबद्दल शेवटी डॉक्टरांशीच नीट बोललो. त्यांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासलं. हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व दोन्ही खाली होते. रोज थोडं थोडं चालणं वाढवायला सांगितलं. लंडनमध्ये २००३ साली ल्युपसच्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत अशा टप्प्याने वाढवलेल्या व्यायामाने बऱ्याच जणींचा थकवा हलका झाला होता. हळद आमच्या सालनात असतेच, त्याला त्यांची हरकत नव्हती.

माझ्या शाळेतली एक जुनी वही मी तिला दिली आहे. त्यात ती रोज लिहिते: किती झोपले, किती चालले, गोळी घेतली का, थकवा दहात किती. उर्दूत लिहिते, आकडे मराठी. गेल्या आठवड्यात मामू आले तेव्हा ती वही चाळत बसले. एका पानावर थांबून त्यांनी विचारलं, "जुमेरात को तीन, और जुमे को आठ? जुमे को क्या किया था?"

आपा म्हणाली, "आपके लिए बिर्याणी."